जुना बिस्किट जॉइनर घेताय? खाच मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

जुनं मशीन घेण्याची आपल्याकडची पद्धत ठरलेली आहे: प्लग लावायचा, आवाज ऐकायचा, हजार-पाचशेची घासाघीस करायची आणि मशीन डिकीत टाकायचं. ग्राइंडर किंवा ड्रिल असेल तर एकवेळ हे चालून जातं, बिस्किट जॉइनरला (फळ्यांच्या कडांत खाच मारायचं मशीन; त्या खाचांत ‘बिस्किट’ नावाची पातळ लाकडी चिप बसवून फळ्या जोडतात) चालत नाही. त्याची मोटर गोड आवाजात फिरत असतानाच तो दोन फळ्या अर्धा मिमी वर-खाली जोडत असतो, आणि हे कळतं ते फेव्हिकॉल सुकल्यावर.

मोटर, कार्बन, बेअरिंग या दुरुस्तीच्या गोष्टी आहेत. वाइंडिंगवाला चिपळूणला, रत्नागिरीला, कुडाळला कुठेही सापडतो. वाकलेली फेन्स (फळीवर टेकवायची, खाचेची उंची ठरवणारी पट्टी) किंवा झिजलेली सरक (पातं पुढे-मागे सरकवणारा भाग) दुरुस्त करून देणारा मात्र सहसा भेटत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. टप्पे उलटेपालटे केलेत तर मशीन चालू झाल्याच्या आनंदात मोजमाप राहून जातं.

आधी ठरवा: हे मशीन तुम्हाला हवंय का?

बिस्किटाचं मुख्य काम दोन फळ्या एका पातळीत आणणं. फणसाच्या किंवा शिवणीच्या तीन-चार फळ्या जोडून टेबलाचा माथा करायचा असेल, प्लायची कपाटं करायची असतील, तर ते उपयोगी आहे. खुर्चीचे पाय, दाराची चौकट, झोपाळ्याची कडी अशा ताण घेणाऱ्या सांध्यांना बिस्किट पुरत नाही. तिथे कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि तिची खाचच हवी.

रुंदीचाही हिशेब करा. बिस्किटांची मापं ०, १०, २० नंबर अशी वाढत जातात. १०० मिमी व्यासाचं पातं २० नंबरच्या बिस्किटासाठी सुमारे १२.३ मिमी आत जातं, तेव्हा खाच तोंडाशी जवळपास ६६ मिमी लांब होते. १० नंबरला ती ६० आणि ० नंबरला ५४ मिमी होते. तुमच्या कामातल्या पट्ट्या ५० मिमी रुंद असतील तर कुठलीही खाच बाजूने बाहेर दिसणार. अशा कामाला डोवेल (गोल लाकडी खुंटी) बरा.

जाहिरातीत नावांचा गोंधळ फार असतो. ‘प्लेट जॉइनर’, ‘बिस्किट कटर’ म्हणजे बहुतेकदा हेच मशीन. नुसतं ‘जॉइनर’ लिहिलं असेल तर ते रंध्याचं मोठं मशीनही निघू शकतं. ‘डोमिनो’ हे वेगळंच यंत्र आहे. त्यात गोल पातं नसून ड्रिलसारखा बिट असतो आणि त्याच्या चिपाही वेगळ्या.

## टप्पा १: पिशवी भरा

विकणाऱ्याकडे मोजायला काही मिळेल असं धरून जाऊ नका. हे सोबत असू द्या:

- व्हर्निअर कॅलिपर, ६ इंची गुण्या, १२ इंची स्टीलची पट्टी
- ४ मिमी आणि ४.२ मिमीचे धातूचे ड्रिल बिट, दांडा गुळगुळीत असलेले
- २० नंबरची दहा बिस्किटं, घट्ट झाकणाच्या डब्यात
- १८ मिमी एमडीएफचे चार तुकडे, ३०० × १०० मिमी, एकाच शीटमधून कापलेले
- दोन क्लॅम्प, टॉर्च, पेन्सिल, डोळे वाचवायचा चष्मा
- मल्टिमीटर, चपटा आणि स्टार स्क्रू-ड्रायव्हर, ॲलन-कीचा जुडगा

एमडीएफच का? प्लायची जाडी एकाच शीटमध्येही कमी-जास्त भरते, मग चूक मशीनची की प्लायची हे कळत नाही. पावसाळ्यात मात्र एमडीएफची कड दमट हवेनेही फुगते, म्हणून तुकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्या.

बिस्किटं स्वतःचीच न्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. बिस्किट म्हणजे दाबून पातळ केलेलं बीच लाकूड. ओल लागली की ते फुगतं, आणि किनाऱ्यावरच्या हवेत उघडं पाकीट जूनमध्येच कामातून जातं. फुगलेलं बिस्किट रुंदावलेल्या खाचेतही घट्ट बसतं. विकणाऱ्याने त्याच्या पाकिटातलं घालून ‘बघा किती टाइट’ म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही.

तपासा: निघण्यापूर्वी प्रत्येक बिस्किट कॅलिपरमध्ये धरा. जाडी ४ मिमीच्या वर भरली तर ते बाजूला काढा. २० नंबरचं नेहमीचं माप ५६ × २३ × ४ मिमी.

## टप्पा २: जाण्यापूर्वी फोनवर

कणकवलीहून महाडला जाऊन रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा चार प्रश्न विचारलेले बरे.

१. मॉडेल-नंबर आणि व्होल्टेज दिसेल असा पाटीचा स्पष्ट फोटो मागा. अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकाने आणलेलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टवर लावलं की मोटर जळते. असं मशीन फुकटात मिळत असेल तरच विचार करा, कारण वर १,५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल आणि तो प्रत्येक साइटवर उचलून न्यावा लागेल.

२. चालू मशीनचा व्हिडिओ सगळे पाठवतात. तुम्ही लाकडात खाच मारतानाचा मागा.

३. फेन्स, धुळीची पिशवी, पातं बदलायचा पाना यांपैकी काय आहे ते विचारा. पिशवी नसली तर कापडाची शिवून घेता येते. फेन्स नसेल तर तिथेच थांबा.

४. मशीन किती दिवस बंद आहे? ‘दोन पावसाळे पडवीत होतं’ असं उत्तर आलं तर नाही म्हणू नका, पण टप्पा ३ दुप्पट वेळ देऊन करा.

सावध: आगाऊ रक्कम पाठवू नका. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड कधीच स्कॅन करावा लागत नाही. तसं सांगणारा माणूस मशीन विकायला बसलेलाच नसतो.

## टप्पा ३: बंद मशीन, प्लग बाहेर

प्लग काढून स्वतःच्या नजरेसमोर ठेवा. टप्पा ६ मध्ये मशीन चालू करेपर्यंत तो बाहेरच राहील.

आधी मोटरच्या मागच्या जाळीत टॉर्च मारा. पडून राहिलेल्या मशीनच्या जाळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. बाहेरून चिखलाचा वाटाण्याएवढा गोळा दिसतो, आतमध्ये मात्र सुकी माती फील्ड कॉइलपर्यंत (मोटरच्या न फिरणाऱ्या वेटोळ्यापर्यंत) गेलेली असते. असं मशीन चालू केलं की माती पंख्यात दळली जाते आणि वाइंडिंगचं वार्निश खरवडते. माती दिसली तर मशीन खोलून साफ केल्याशिवाय चालू करू नका. विकणारा ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही.

मग गंज पाहा. बाहेरच्या स्क्रूंवर तांबूस झाक असणं किनाऱ्याजवळ साहजिक आहे, त्यावरून भाव पाडा, पण घाबरू नका. स्पिंडल (पातं ज्यावर बसतं तो दांडा), सरकेचे दांडे आणि आतल्या स्प्रिंगवर खड्डे पडलेला गंज असेल तर ती वेगळी गोष्ट. नख फिरवा. नख अडकलं तर ते पॉलिशने जाणार नाही.

ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी पूड दिसली तर तो खाऱ्या हवेचाच प्रताप. फेन्सच्या बसायच्या पृष्ठभागावर ती असेल तर खरवडून खाली खड्डे आहेत का ते बघा.

केबल दोन्ही टोकांना वाकवून पाहा. टेप गुंडाळलेली जागा म्हणजे पूर्वी तुटलेली जागा. पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे. त्याला दोनच तारा असतात, अर्थिंग नाही म्हणून हरकत घेऊ नका.

## टप्पा ४: सरक, स्प्रिंग आणि पातं

मशीन पुढे दाबा. पातं बाहेर यायला हवं आणि हात सोडताच पूर्ण आत जायला हवं. हे दहा वेळा करा. मध्येच अडखळत असेल तर बहुतेकदा सुकलेला गोंद आणि भुसा असतो, तो स्पिरिटने निघतो. सगळीकडे सारखं जड जात असेल तर गंज. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे खडखडत असेल तर झीज, आणि झिजेला उपाय नाही.

सावध: पातं अर्धवट बाहेर राहत असेल तर ते मशीन चालू करूच नका. स्प्रिंग तुटलेली आहे किंवा निसटलेली आहे.

आता पातं. तीन गोष्टी बघायच्या.

जाडी. दातांवर कॅलिपर लावा. ३.९ ते ४ मिमी असायला हवी. आपल्याकडे एक जुगाड सर्रास चालतं: मूळ पातं बोथट झालं की मार्बल कटरचं लाकडी कामाचं ४ इंची पातं चढवायचं. त्याची जाडी कमी, दात तीस-चाळीस, आणि व्यास बऱ्याचदा १०० नव्हे, ११० मिमी. ते आतल्या कवचाला घासतं आणि खाचेत बिस्किट शिरतच नाही. कवचाच्या आत गोलाकार ओरखडे दिसले की समजा, हा प्रयोग झालेला आहे.

दात. टॉर्चच्या उजेडात दाताच्या टोकाला चमकणारी रेघ दिसली तर दात बोथट. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे सागावर चाललेलं पातं लवकर बोथट होतं. बोथट पातं धार लावून चालेल. उडालेला कार्बाइड दात चालणार नाही.

भोक. नवं पातं घ्यावं लागणार असेल तर मधल्या भोकाचं माप आत्ताच घ्या. कुठे ते २० मिमी असतं, कुठे २२. नाव सारखं, व्यास सारखा आणि भोक वेगळं म्हणून पातं परत करावं लागणं हे नेहमीचंच.

शेवटी पातं दोन बोटांनी धरून वर-खाली हलवा. हाताला ‘टक’ जाणवलं तर बेअरिंग गेलं. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर छापलेला असतो आणि ते बाजारात मिळतं, त्यामुळे हे मशीन नाकारायचं कारण नाही, भाव कमी करायचं आहे. पात्यावरच्या बाणाची आणि कवचावरच्या बाणाची दिशा जुळते ना, तेही बघा. उलट बसवलेलं पातं कापत नाही, लाकूड जाळतं.

## टप्पा ५: फेन्स

इथे घाई नको. मशीनची खरी किंमत याच भागात असते.

१. फेन्स ९० अंशाला लावून घट्ट करा. गुण्याचा एक पाय फेन्सवर, दुसरा मशीनच्या पुढच्या सपाट तोंडावर. फटीतून उजेड दिसता कामा नये. दिसत असेल तर अंशांची खूण सरकलेली आहे की फेन्स वाकलेली, ते ठरवा. खूण सरकली असेल तर स्क्रू ढिला करून जुळवता येते.

२. स्टीलची पट्टी फेन्सवर आडवी, मग तिरकी ठेवा. मधे फट दिसली तर मशीन पडलेलं आहे. फेन्सच्या कोपऱ्यांवर ठोका बसल्याची खूण शोधा, सापडेलच.

३. लॉक घट्ट करून फेन्स हाताने जोरात दाबा. सरकली तर लॉकचे आटे गेले आहेत. दोन्ही बाजूंना लॉक नसलेल्या स्वस्त मशीनमध्ये फेन्स एका बाजूने खाली झुकते. हा दोष बनावटीतला आहे, आवळून जात नाही.

४. उंची बदलायचं चाक किंवा रॅक पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या. दोन्ही टोकांना पात्याच्या कवचापासून फेन्सचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा.

तपासा: डावं-उजवं अंतर ०.१ मिमीच्या आत असेल तर उत्तम. ०.२ मिमी असेल तर फेन्सला मास्किंग टेपचा एखादा थर देऊन भागतं. त्यापुढे गेलं तर चहा घ्या, आभार माना आणि निघा.

## टप्पा ६: आता मोटर

कार्बन ब्रशची झाकणं उघडा, ब्रश बाहेर काढा. त्यावर मर्यादेची रेघ असते, तिच्या जवळ पोचला असेल किंवा ५ मिमीपेक्षा आखूड झाला असेल तर बदलावा लागेल. ब्रश ज्या दिशेने होता त्याच दिशेने परत घाला. उलटा घातलात तर ठिणग्या उडतील आणि दोष मोटरचा वाटेल.

ब्रशच्या भोकातून कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) उजेड टाका. एकसारखा तपकिरी रंग ठीक. एखादी पट्टी काळी जळलेली आणि शेजारची चकचकीत असेल तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) खराब होत चाललंय.

मल्टिमीटरने प्लगची प्रत्येक पिन (अर्थिंगची असेल तर ती सोडून) आणि मशीनचा उघडा धातू यांच्यात रोध बघा, स्विच दाबून ठेवून. काही वाचन दिसलं तर गळती आहे, चालू करू नका. जमल्यास पहिल्यांदा ३० एमए आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्याच पॉइंटवर लावा. पावसाळ्यात तर हे टाळूच नका.

चष्मा लावा, मशीन दोन्ही हातांनी धरा आणि चालू करा. बिस्किट जॉइनर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे मोठ्या आवाजाला घाबरायचं नाही. खरखर म्हणजे बेअरिंग, ठराविक अंतराने येणारा ‘घर्र’ म्हणजे गिअरचा दात. ब्रशखाली बारीक निळसर ठिणगी असणारच. कम्युटेटरभोवती पूर्ण कडं पेटल्यासारखं दिसलं तर लगेच बंद करा. तीन मिनिटं चालवून हात लावून बघा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल किंवा वार्निश जळल्याचा वास येत असेल तर रिवाइंडिंगचा खर्च धरा.

संध्याकाळी विजेचा दाब कमी असलेल्या वाडीत मशीन दमल्यासारखं वाटेल. तोच पॉइंट मल्टिमीटरने मोजा, मगच मशीनला दोष द्या. ७०० वॉटचं मशीन ३ अँपिअरच्या आसपास ओढतं, बारीक तारेच्या लांब एक्स्टेन्शनवरही ते मंद होतं.

## टप्पा ७: खाच मारून मोजा

विकणारा जुना मिस्त्री असेल तर सरळ विचारा: ‘मिस्त्री, तुमच्या मशीनवर चार खाचा मारून बघू का?’ ज्यांनी मशीन नीट वापरलंय ते नाही म्हणत नाहीत.

पहिली चाचणी: रुंदी. तुकडा क्लॅम्पने पक्का करा, फेन्स वरच्या पृष्ठभागावर टेकवा, मोटरला पूर्ण वेग घेऊ द्या आणि सावकाश दाबा. खाचेत ४ मिमी बिटचा दांडा घाला. तो सहज पण न डुगडुगता बसला पाहिजे. ४.२ मिमीचा दांडाही शिरत असेल तर पातं लंगडतंय. पातं वाकलंय, स्पिंडल वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. पातं बदलून परत बघता आलं तर निदान पक्कं होतं.

दुसरी: डावं-उजवं. खाचेच्या तोंडाशी, दोन्ही टोकांपासून थोडं आत, वरच्या पृष्ठभागापासून खाचेच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. दोन्ही सारखं हवं. इथली चूक दुप्पट होते, कारण समोरच्या फळीतली खाच आरशातल्यासारखी उलट तिरकी पडते. बिस्किट पिळवटतं आणि फळ्या एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली बसतात. फेन्सची उंची नुसती एखादा मिमी चुकली तर बिघडत नाही, दोन्ही फळ्यांत ती सारखीच चुकते. तिरकेपणाला मात्र क्षमा नाही.

तिसरी: जोडणी. दोन तुकड्यांच्या कडांना प्रत्येकी दोन खाचा मारा, कोरडी बिस्किटं घाला, क्लॅम्प लावा. गोंद नको. सांध्यावरून नख फिरवा, मग स्टीलची पट्टी उभी ठेवा. मधे उंचवटा किंवा खोलगट भाग निघाला तर पातं पुढे-मागे तिरकं आहे.

चौथी: बेस, म्हणजे मशीनचा सपाट तळ. आता फेन्सशिवाय. कडाप्प्याच्या ओट्यावर तुकडा आणि मशीन दोन्ही सपाट ठेवून खाच मारा आणि वरच्या दोन चाचण्या पुन्हा करा. प्लायच्या कपाटात मधल्या फळ्यांच्या खाचा बेसवरूनच मारल्या जातात, तरी ही चाचणी बहुतेक जण विसरतात.

पाचवी: खोली. २० वर डायल ठेवून मारलेल्या खाचेत बिस्किट पूर्ण दाबा आणि फळीच्या कडेलगत त्यावर पेन्सिलची रेघ मारा. बिस्किट काढून उलट टोकाने घाला, पुन्हा रेघ. दोन रेघांत दीड मिमीच्या आसपास अंतर हवं. पण नुसत्या अंतरावर जाऊ नका: खाच उथळ असली तरी दोन रेघा पडतात. पहिली रेघ बिस्किटाच्या मध्यापलीकडे आहे, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त बिस्किट आत गेलंय, हे बघायचं. रेघा एकावर एक आल्या तर गोंदाला जागा नाही. धार लावून पात्याचा व्यास २ मिमी कमी झाला की खोली १ मिमीने घटते. बऱ्याच मशीनमध्ये ती मागच्या स्क्रूने जुळवता येते, म्हणून याच एका कारणावरून सौदा मोडू नका.

## टप्पा ८: भाव

कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला नव्या मशीनचा आजचा भाव, दुसऱ्या बाजूला जुन्याची मागितलेली किंमत अधिक पातं, ब्रश, बेअरिंग, केबल. दुसरा रकाना पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या वर गेला तर आमच्या मते नवं घ्यावं. नव्याला निदान वॉरंटी असते. सुटे भाग मिळतात का, हे त्या मॉडेलच्या नंबरावर सर्व्हिस सेंटरला फोन करून सौद्याआधी विचारा. पाटी खरवडलेली असेल तर भाव कितीही कमी असो, घेऊ नका. बिल मागा, नसेल तर साध्या कागदावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून सही घ्या.

पार्सलने मागवायची वेळ आली तर फेन्स काढून वेगळी गुंडाळायला सांगा. गाडीच्या टपावरून पडलेल्या मशीनची फेन्सच आधी वाकते.

## टप्पा ९: घरी आणल्यावर

सरक स्पिरिटने पुसा. त्यावर तेल किंवा ग्रीस लावू नका, भुसा चिकटून आठवड्यात पेस्ट होते. कोरडं मेण किंवा सिलिकॉनचा कोरडा स्प्रे लावा. पातं काढून रॉकेलने डिंक साफ करा, परत बसवताना बाण बघा. मशीन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दोन मिनिटं रिकामं चालवा. मोटरच्या उबेने आतली ओल निघते.

बिस्किटं लोणच्याच्या बरणीसारख्या घट्ट झाकणाच्या बरणीत, तीही सिलिका जेलसह. फुगलेली बिस्किटं उन्हात वाळवली तर बरीचशी परत कामाला येतात. जोडताना गोंद पाण्याचा, म्हणजे साधा पांढराच वापरा, कारण बिस्किट त्या पाण्यानेच फुगून घट्ट होतं. सनमायकाचा पिवळा गोंद घातला तर ते खाचेत नुसतं पडून राहील. आणि सांधा जोडल्यावर लगेच रंधा मारू नका. बिस्किटाजवळचं लाकूड ओलाव्याने वर आलेलं असतं. तेव्हाच सपाट केलंत तर ते वाळल्यावर प्रत्येक बिस्किटाच्या जागी पॉलिशमधून खळगा दिसेल. कोरड्या दिवसांत एक रात्र पुरते, जुलैत तीन दिवस थांबा.